'वापरकर्ता' म्हणजे कोण?

(महिला मंडळं आणि सल्ला केंद्रांच्या कार्यकर्त्यांसाठी कार्ले इथं झालेल्या दोन दिवसांच्या शिबिरात केलेलं भाषण. बोलण्याचा ओघ शक्य तितका तसाच ठेवला आहे.)



सकाळपासून पोटगी, रेशनकार्ड, सातबारा असे आपले नेहमीचे विषय झाले. जेवणं झाली आहेत, बाहेर ऊन आहे, आणि अशा वेळी मला कॉम्प्युटरवर बोलायला सांगितलं आहे. कुणाला डुलकी लागली तर मी राग धरणार नाही. मी काही कॉम्प्युटर शिकवायला आलेले नाही. मला तो कामापुरताच येतो. माझं शिक्षण समाजकार्याचं. एम.एस.डब्ल्यू. केलं आणि गेली दहा-अकरा वर्षं मी कौटुंबिक सल्ला केंद्रात बसते. तिथं आमच्या हातून एक चूक झाली. तिच्यापासूनच सुरुवात करते.

तीन वर्षांपूर्वी एक बाई आमच्याकडे आल्या. त्यांना आपण सुनंदा वऱ्हाडे म्हणू. नाव खरं नाही, पण आडनावात 'ऱ्ह' असणं गरजेचं आहे. का ते पुढं कळेल. डोक्याला चार टाके होते. म्हणाल्या, "ताई, मी आधी पण आले होते. दोन वर्षं झाली. तुमच्याच इथं लिहून घेतलं होतं." मी कॉम्प्युटरवर नाव शोधलं. नाही. पुन्हा शोधलं. नाही. मग मी त्यांना सांगितलं, "इथं तुमची काही नोंद दिसत नाही." त्या बोलल्या काहीच नाहीत. 'साहेब बाहेर गेलेत, उद्या या' असं ठाण्यात ऐकल्यावर बाया जशा बघतात ना, तशा माझ्याकडे बघत राहिल्या.

नोंद होती. अकरा दिवसांनी आमच्या एका सहकारिणीनं महिन्यामहिन्याच्या याद्या डोळ्यांनी चाळून ती शोधून काढली. तोवर २००५ च्या घरगुती हिंसाचाराच्या कायद्याखाली अर्ज कोर्टात गेला होता. पहिल्या मारहाणीचा उल्लेख त्यात 'अर्जदाराच्या म्हणण्यानुसार' एवढाच राहिला. आपल्याला या दोन शब्दांचं वजन माहीत आहे.

मग आधी सापडलं का नाही? 'ऱ्ह' टाइप करायच्या दोन रीती आहेत. एका कळपाटावर 'ऱ' हे वेगळं अक्षरच आहे, त्याला हलन्त लावून पुढं 'ह' द्यायचा. दुसऱ्या रीतीत साधा 'र', मग हलन्त, मग डोळ्यांना न दिसणारं एक जोडचिन्ह, मग 'ह'. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखं दिसतं. कॉम्प्युटर मात्र पडद्यावरचं चित्र बघत नाही, आतली चिन्हं बघतो, आणि आत ते दोन वेगळे शब्द असतात. दोन वर्षांपूर्वी टाइप करणारी मुलगी एका रीतीची, मी दुसऱ्या रीतीची. आता विचार करा, मराठीत हे किती ठिकाणी येतं: गोऱ्हे, कऱ्हाड, दुसऱ्या बायकोला, मारणाऱ्या नवऱ्यानं. 'ॲ'चंही तेच. 'ॲ' हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं. तोवर लोक 'अ'वर चंद्र चढवून वेळ मारून नेत होते. म्हणजे ॲसिड आणि ॲट्रॉसिटी, आपल्याला ज्यांवाचून एक दिवस काढता येत नाही ते शब्द, दोन-दोन रूपांत नोंदले गेलेत.

आणि ही तर नव्या नोंदींची गोष्ट. त्याआधीच्या आमच्या फाइली जुन्या फॉन्टमधल्या होत्या. ते फॉन्ट इंग्रजी अक्षराच्या जागी मराठी अक्षराचं चित्र बसवायचे. फॉन्ट असेपर्यंत मराठी, फॉन्ट गेला की नुसता खिचडा. प्रत्येक अक्षराला जगभर एकच क्रमांक द्यायची युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ ची आहे, पण आपल्या गावातल्या टायपिंगच्या दुकानांपर्यंत ती पोचायला पुढची वीस वर्षं गेली.

ते मशीनही जुनंच होतं. नवीन विंडोज त्याला झेपेना. दुरुस्तीला आलेला मुलगा म्हणाला, "ताई, लिनक्स टाकून देतो. पैसे पडत नाहीत, आणि ते मराठीतून पण चालतं." मी म्हटलं टाक. निम्मा पडदा मराठी, निम्मा इंग्रजी. एक फाइल पुसायला गेले तर मशीननं विचारलं, "तुम्ही निश्चित आहात?" मी कसली निश्चित! पण मला प्रश्न पडला की हे वाक्य लिहिलं कुणी? कंपनीनं लिहिलं असेल असं वाटलं होतं. शोधलं तर कळलं, तुमच्या-माझ्यासारख्या माणसांनी, बरंचसं फुकट.

हे कसं चालतं ते थोडक्यात सांगते. जात्यावरची ओवी एकीनं गायली की दुसरी ती उचलते. भावाचं नाव बदलते, गावाचं बदलते, एक ओळ आपली जोडते. पहिलीची परवानगी लागत नाही. आणि दुसरीनं ती स्वतःच्या नावावर करून इतरांना गायची बंदी केली, असंही कधी होत नाही. याच मावळ-मुळशीच्या पट्ट्यात हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी ऐंशीच्या दशकापासून ओव्या गोळा केल्या. तो संग्रह लाखाच्या वर गेला. त्यातल्या कुठल्याही ओवीची मालकीण शोधू जा, सापडणार नाही. १९८३ साली रिचर्ड स्टॉलमन या अमेरिकन माणसानं प्रोग्रॅमसाठी हाच नियम मांडला, आणि नंतर तो कायद्याच्या भाषेत परवान्यात लिहून ठेवला: वापरा, उघडून बघा, बदला, वाटा, पण पुढच्याला हेच करण्यापासून अडवू नका. १९९१ साली फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्यानं लिनक्सचा गाभा लिहिला आणि पुढं तो याच परवान्याखाली दिला. आत्ता तुमच्या पर्समध्ये जो ॲन्ड्रॉइड फोन आहे ना, त्याच्या पोटातही तोच गाभा आहे.

यात मराठी आली ती साधारण २००० नंतर. इंडलिनक्स नावाचा गट भारतीय भाषांसाठी उभा राहिला. रेड हॅट या कंपनीच्या पुण्यातल्या कचेरीत भारतीय भाषांचं काम करणारी पगारी माणसं होती; त्या कंपनीनं २००४ मध्ये 'लोहित' हे फॉन्ट सगळ्यांसाठी खुले केले. २००७ मध्ये सी-डॅकचं 'बॉस' आलं. २००९ च्या डेबियनमध्ये मशीन बसवतानाचे प्रश्नही मराठीतून विचारले जाऊ लागले. ॲन्ड्रॉइडनं मराठी घेतली ती २०१४ मध्ये. हे सगळं एका दमात सांगते आहे, कारण मला खरं बोलायचं आहे ते शब्दांवर.

काम साधं दिसतं. एक फाइल असते. वर इंग्रजी वाक्य, खाली रिकामी जागा. जागा भरायची. सुरुवातीलाच फाइल विचारते, तुमच्या भाषेत एकवचन-अनेकवचन कसं करतात? मराठीत दोन रूपं, असं सांगायचं. वचनाची इतकी काळजी घेतली आहे, पण लिंगाबद्दल ती सहसा काही विचारतच नाही, कारण ज्यांनी ती घडवली त्यांच्या इंग्रजी क्रियापदाला लिंग नाही. आपल्याला आहे. वाक्य असं असतं: आधी नावाची मोकळी जागा, पुढं 'आत आला' अशा अर्थाचं काहीतरी. त्या जागी सुनंदा बसणार की सुरेश, हे भाषांतर करणाऱ्याला माहीत नसतं. तो 'आला' लिहितो. मग माझ्या मशीनवर 'सुनंदा आला'. बाई वाचते, हसते, सोडून देते. सोडून द्यायची आपल्याला सवयच आहे.

पण गंमत अशी की मराठीनं वाट ठेवलेली आहे. 'यांनी' लावा आणि क्रियापद सकर्मक घ्या. 'सुनंदा यांनी फाइल पाठवली', 'सुरेश यांनी फाइल पाठवली'. क्रियापद फाइलीबरोबर जातं, माणसाकडे बघतच नाही. 'आला-आली'च्या ऐवजी 'यांनी प्रवेश केला'. थोडं सरकारी वाटतं, कबूल आहे, पण निदान बाईला पुरुष करत नाही. हे मला कुठल्या व्याकरणाच्या पुस्तकात मिळालं नाही; रविवारी दुपारी आम्ही चौघी वाद घालत बसलो होतो, तेव्हा एका निवृत्त शिक्षिकेनं सहज सांगितलं.

आणि 'वापरकर्ता'. लिनक्स काय, विंडोज काय, सरकारी वेबसाइट काय, सगळीकडे हाच. कर्ता म्हणजे कोण, हे या खोलीत मी सांगायला नको. 'घरातला कर्ता पुरुष गेला' असं आपण म्हणतो, तेव्हा त्याच्या पश्चात शेत, पोरं, कर्ज सगळं ओढणारी बाई 'कर्ती' म्हणून कुठल्याच कागदावर नसते. २००५ च्या दुरुस्तीनं मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मानं हक्क दिला, आणि पडद्यावर मात्र तिचं स्वागत 'वापरकर्ता' म्हणून. आमच्यात एकीचं म्हणणं 'वापरकर्ती' हवं, दुसरीचं 'वापरणारी व्यक्ती'. माझं मत वेगळं आहे: शक्य तिथं तो शब्दच गाळावा. 'वापरकर्त्याचे नाव' कशाला? नुसतं 'नाव' पुरतं. यावर एकमत झालेलं नाही, आणि आज इथं व्हावं असा माझा आग्रहही नाही.

आमचा हा गट म्हणजे एक अंगणवाडी सेविका, त्या निवृत्त बाई, कॉलेजातली एक मुलगी आणि मी. पहिल्या महिन्यात एका इंग्रजी शब्दापुढं आमच्या मुलीनं डिक्शनरी बघून चक्क 'गर्भपात' लिहिलं होतं. शब्द होता 'अबॉर्ट', म्हणजे चालू काम मध्येच थांबवणं. तपासताना पकडलं म्हणून बरं. कल्पना करा, बचत गटाची खजिनदार छपाई थांबवायला जाते आणि मशीन विचारतं, गर्भपात करायचा का? हसू नका फार. इंग्रजीतही हिशेब चुकलेलेच होते. दोन यंत्रांपैकी हुकूम देणारं ते मालक आणि ऐकणारं ते गुलाम, असे शब्द तिथं वर्षानुवर्षं चालले. लिनक्सच्या गाभ्यात नव्या कामासाठी ते वापरू नयेत असं ठरलं ते २०२० साली.

शब्द निवडताना आणखी एक अडचण येते, आणि ती आपल्या-आपल्यातली आहे. शिकलेल्या माणसाला वाटतं, मराठी म्हणजे शुद्ध हवी. मग फाइलची धारिका होते, फोल्डरचं संचयिका, आणि वाचणारीला वाटतं आपलंच शिक्षण कमी. भाषा संचालनालय १९६० पासून आहे, त्याचे कोश मी वापरते, उपयोगी आहेत. पण कोशातला प्रत्येक शब्द पडद्यावर चालत नाही. इथं कार्ल्यातच एका बचत गटाच्या बैठकीत मी विचारलं, हिशेब लिहून झाल्यावर 'जतन करा' असं बटण आलं तर कळेल का? खजिनदार म्हणाल्या, "जतन पोराबाळांचं करत्यात. हिशेब ठेवत्यात." दहा वर्षं शिकले तरी मला हे सुचलं नसतं. 'ठेवा'. दोन अक्षरं. मराठीत एरवी 'साठवा' आणि 'जतन करा' यांचा झगडा चालू आहे.

अंगणवाडीच्या ताई इथं बऱ्याच आहेत. २०२१ साली महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारनं दिलेले मोबाइल परत केले, ते तुम्हाला आठवत असेल. फोन निकृष्ट होते हे एक कारण, आणि माहिती भरायचं पोषण ट्रॅकर ॲप इंग्रजीत होतं हे दुसरं. तिथं आपल्या हातात आंदोलनच होतं. ॲप उघडून चुकलेलं वाक्य दुरुस्त करता येत नव्हतं. खुल्या पद्धतीत ते करता येतं. एवढं सांगून मला इथं टाळ्या घेता येतील, पण ते अर्धंच खरं होईल.

कारण प्रश्न असा आहे की करणार कोण? स्वयंसेवा करायला रिकामा वेळ लागतो. या खोलीत कुणाकडे तो आहे, हात वर करा. बघा. घरचं काम फुकट, अंगणवाडीचं मानधनावर, मंडळाचं आवडीचं म्हणून, आणि आता वर जगाच्या कॉम्प्युटरचं भाषांतरही फुकट? आमच्या सेविका ताईंनी पहिल्याच दिवशी मला हे विचारलं आणि मला उत्तर देता आलं नाही. अजूनही पुरतं देता येत नाही.

हे काम घरकामासारखंच आहे, हे लक्षात यायला मला वर्ष लागलं. 'जीनोम' नावाचा लिनक्सचा एक पडदा आहे. त्याची सगळी वाक्यं मिळून चाळीस हजारांच्या घरात जातात. दर सहा महिन्यांनी, मार्च आणि सप्टेंबरात, नवी आवृत्ती येते. जुनी वाक्यं बदलतात, नवी येतात, केलेलं परत करावं लागतं. ओटा पुसला आणि संपलं, असं नाही. मराठीचं भाषांतर एके काळी जवळजवळ पूर्ण होतं. ते झालं कारण पुण्यात ते करायला पगारी माणसं होती, आणि त्यांच्याबरोबर हौसेनं करणारेही होते. ती माणसं दुसऱ्या कामांना लागली आणि मराठी मागं पडत गेली. पुसलेला ओटा कुणाला दिसत नाही, न पुसलेला लगेच दिसतो. माझ्या पडद्यावरचं ते निम्मं इंग्रजी म्हणजे न पुसलेला ओटा होता.

म्हणून जे लोक म्हणतात की भाषाप्रेमानं हे सगळं होईल, त्यांच्याशी मी सहमत नाही. २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे ८ कोटी ३० लाख होते. प्रेम कमी नाही. पैसा आणि वेळ कमी आहे, आणि बायांकडे तर दोन्ही. २००६ साली या जीनोमकडे गूगलच्या पगारी उन्हाळी कामासाठी १८१ अर्ज आले, त्यात एकही अर्ज बाईचा नव्हता. त्यांना लाज वाटली, आणि त्यांनी बायांसाठी वेगळं, मानधन देणारं काम सुरू केलं. त्याचंच पुढं 'आउटरीची' झालं. मानधन ठेवल्यावर बाया आल्या. म्हणजे त्यांना आवड नव्हती असं कुणी म्हणू नये. तिकडे केरळात 'स्वतंत्र मलयाळम कंप्युटिंग' हा गट २००२ पासून आहे, आणि तिथं सरकारी शाळांनीही खुल्या प्रोग्रॅमना आधार दिला. आपल्याकडे शाळा, ग्रामपंचायत, महिला बालकल्याण यांच्या पैशातून दहा बायांना वर्षभर याचं मानधन मिळालं तर मला ते भाषा पंधरवड्याच्या बॅनरपेक्षा जास्त आवडेल. हे मी दोन ठिकाणी लिहून दिलं आहे. उत्तर आलेलं नाही.

तोवर आम्ही काय करतो? रविवारी दोन तास. सगळी चाळीस हजार वाक्यं घ्यायची नाहीत असं ठरवलं. खुल्या प्रोग्रॅममध्ये पुन्हा पुन्हा येणाऱ्या शब्दांची एक यादी आहे, 'फ्यूएल' नावाची, २००८ मध्ये सुरू झालेली. एक शब्द ठरला की तो शंभर ठिकाणी जातो, म्हणून आम्ही आधी शब्दांवरच बसतो. केलेलं पाठवतो. मराठीचं तपासणारी माणसं थोडी, त्यामुळे काही महिने नुसतं पडून राहतं. काही आमच्याकडे परत येतं, 'प्रचलित शब्द वापरावा' असा शेरा घेऊन. प्रचलित कुणाचा, हे आम्ही परत विचारतो. भांडण चालू आहे, पण निदान भांडायच्या जागी आता आम्ही आहोत.

उद्या सकाळी तुम्ही एकवीरेला जाल, तेव्हा शेजारच्या चैत्यगृहातही जा. नुसते फोटो काढून परतू नका. तिथं ब्राह्मीत कोरलेले सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे लेख आहेत, प्राकृतात, म्हणजे तेव्हाच्या लोकांच्या बोलीच्या जवळच्या भाषेत. एवढं मोठं काम एका राजाचं नाही, पुष्कळांनी थोडं थोडं दिलेलं आहे. धेनुकाकटच्या सामि नावाच्या सुतारानं दरवाजा केला, ते लिहिलंय. दान देणाऱ्यांत बायाही आहेत. एक भायिला, पण ती लेखात येते महादेवणकाची आई म्हणून. दुसरी भिक्षुणी कोडी. घर सोडलं, संघात गेली, तरी ओळख घुणिकाची आई अशीच. बघा, नोंद करण्याचा प्रश्न किती जुना आहे. तरी नाव आहे. जीनोमच्या भाषांतराच्या फाइलीत एक जागा राखून ठेवलेली असते, तिथं भाषांतर करणारीनं आपलं नाव घालायचं. आमच्या सेविका ताईंनी तिथं तिसऱ्या रविवारी नाव घातलं, आधी खोडलं, मग परत घातलं. नवऱ्याचं मधलं नाव घालायचं की नाही यावर वीस मिनिटं गेली. नाही घातलं.

एक काम मात्र उद्यावर टाकू नका, त्याला लिनक्स लागत नाही आणि भाषांतरही लागत नाही. आपापल्या केंद्रात परत गेलात की 'ऱ्ह' आणि 'ऱ्य' असलेली पाच आडनावं दोन्ही रीतींनी टाइप करून शोधा. 'ॲ'चेही दोन शब्द घ्या. जे एका रीतीनं सापडतं आणि दुसरीनं सापडत नाही ते वहीत लिहून ठेवा. आमच्याकडे अशा एकवीस नोंदी निघाल्या. कळपाट सगळ्यांचा एकच ठेवा. आम्ही इनस्क्रिप्ट घेतला. शिकायला पंधरा दिवस गेले आणि टायपिस्ट मुलीनं आठवडाभर अबोला धरला.

मधल्या सुट्टीत एकीनं विचारलं, सुनंदाबाईंचं पुढं काय झालं. जुन्या नोंदीची प्रत आम्ही नंतर कोर्टात दिली. समोरच्या वकिलानं हरकत घेतली की ही आधी का नव्हती. मी साक्षीला उभी राहून 'ऱ्ह'ची गोष्ट सांगितली. न्यायाधीश बाईंनी ती दोनदा सांगायला लावली आणि कागदावर लिहून दाखवा म्हणाल्या. प्रत दाखल करून घेतली. संरक्षणाचा आदेश झाला आहे. पोटगीच्या तारखा अजून चालू आहेत, पुढची याच महिन्याच्या शेवटी आहे.